खोक्यावरचा आकडा

मित्रांनो, तुमच्यापैकी कॉम्प्युटरवर गेम कोण कोण खेळतं? हात वर करा पाहू! बापरे, जवळजवळ सगळेच की!

आता दुसरा प्रश्न. शर्यतीत गाडी अगदी वळणावर येते आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं. समोरचा शत्रू एकदा दिसतो, मग एकदम आपल्या पुढ्यातच उभा राहतो, आणि आपण बटण दाबेपर्यंत आपला गडी गारद! असं कोणाकोणाचं होतं? पुन्हा तेवढेच हात! मग एखादा मित्र सल्ला देतो, "अरे, ग्राफिक्स कार्ड टाक." आणि त्या दिवसापासून आई-बाबांच्या मागे आपली भुणभुण सुरू होते. खरं ना?

आज आपण या कार्डाविषयीच बोलणार आहोत. पण आधी एक कबुली देते. मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवणारी साधी बाई आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका वाक्यामुळे माझ्या भाच्याचे साडेचार हजार रुपये बुडाले. त्यानंतर मात्र मी हा विषय विद्यार्थिनीसारखा शिकले. तुमचे पैसे वाचावेत म्हणून ही गोष्ट सांगते.

"चार जीबी आहे ना? मग घे की!"

भाचा तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. वाढदिवसाचे पैसे, दिवाळीत मोठ्यांच्या पाया पडून मिळालेले पैसे आणि सुट्टीत काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कमावलेले पैसे, असे सगळे मिळून साडेचार हजार त्याने जमवले होते. एक दिवस फोन हातात घेऊन तो धावतच आला.

"आत्या, हे बघ! जीटीएक्स १०५० टीआय. ४ जीबी. वापरलेलं आहे, पण भाव बघ की किती कमी! घेऊ का?"

फोटोत दोन झकास पंखे होते आणि खोक्यावर ठसठशीत '४' लिहिलेला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आत्या म्हणून काहीतरी बोलायला हवं ना! मी म्हणाले, "चार जीबी आहे ना? मग घे की!"

कार्ड घरी आलं. विंडोजनेही '४ जीबी' असं दाखवलं. आम्ही पेढेसुद्धा खाल्ले. पण गेम सुरू करून पाचेक मिनिटं होतात न होतात तोच पडद्यावर रंगीत चौकोन नाचू लागले आणि गेम बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद! भाच्याने कार्डाच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर उतरवला, तर तो म्हणे, या कॉम्प्युटरमध्ये मला चालेल असं कार्डच सापडत नाही. दोन दिवस तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता. "माझंच काहीतरी चुकलं असणार गं."

तिसऱ्या दिवशी त्याच्या एका मित्राने 'जीपीयू-झेड' नावाचा छोटासा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवायला सांगितला. कार्डाच्या आत कोणती चिप आहे ते हा प्रोग्रॅम तपासतो. २०१८ पासून तर तो बनावट कार्डही ओळखतो. भाच्याने तो उघडला आणि कार्डाच्या नावाआधी इंग्रजीत शब्द उमटला, 'फेक'. म्हणजे खोटं!

आतली चिप निघाली २०१० सालच्या जीटीएस ४५० या कार्डाची. कोणीतरी कार्डातली मूळ माहिती पुसून तिथे नवं नाव आणि '४ जीबी' असा आकडा लिहिला होता. कार्ड स्वतःविषयी जे सांगतं, ते विंडोज खरं मानतं. आम्हीही मानलं! विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे तर गेलेच होते. पण मला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. '४' या आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता, तरी मी ठामपणे सल्ला दिला होता. चला तर मग, तो अर्थ आज आपण समजून घेऊ.

रांगोळी आणि अनेक हात

आधी हे सांगा, ग्राफिक्स कार्ड करतं तरी काय?

तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी. करा गुणाकार! २०,७३,६०० ठिपके झाले. गेम छान चालायचा तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा!

आमच्या शाळेत २६ जानेवारीला पटांगणात मोठी रांगोळी काढतात. चित्रकलेचे गुरुजी कितीही हुशार असले, तरी एकट्याने रंग भरायला त्यांना दिवस पुरणार नाही. मग ते काय करतात? चौकोन आखून देतात आणि प्रत्येक चौकोनापाशी एकेका मुलाला बसवतात. तासाभरात रांगोळी तयार!

कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे ते हुशार गुरुजी, आणि ग्राफिक्स कार्डातली चिप म्हणजे रंग भरणारी मुलं. खऱ्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डात अशी ७६८ 'मुलं' असतात. प्रत्येकाचं काम सोपं, पण सगळे एकाच वेळी हात चालवतात.

खिचडीची पातेली कुठे ठेवायची?

आता येऊ आपल्या '४ जीबी'कडे. ही झाली कार्डाची मेमरी.

पडद्यावरच्या एका चित्रासाठी दर ठिपक्याला ४ बाइट धरले, तर जेमतेम ८३ लाख बाइट म्हणजे साधारण ८ एमबी लागतात. मग जीबीच्या गप्पा कशाला? कारण गेममधली भिंत, झाडाची साल, गाडीचा रंग, सैनिकाचा अंगरखा या प्रत्येकाचं चित्र आधीपासून हाताशी ठेवावं लागतं. त्याला टेक्स्चर म्हणतात. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचं एक टेक्स्चर तसंच ठेवलं तर ६४ एमबी खातं. अशी फक्त १६ चित्रं झाली की १ जीबी भरला! म्हणून ती दाबून, घडी घालून लहान करतात. तरीसुद्धा मोठ्या गेमला काही जीबी सहज लागतात.

शाळेतली मधली सुट्टी आठवा. खिचडीची पातेली व्हरांड्यात असतील तर वाढप झटपट होतं. पण व्हरांडा लहान असेल तर? उरलेली पातेली मैदानापलीकडच्या स्वयंपाकघरात राहतात. दर वेळी कोणीतरी धावत जायचं, पातेलं आणायचं, तोवर पंगत ताटं घेऊन बसलेली!

कार्डाची मेमरी म्हणजे तो व्हरांडा. ती भरली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीत जातो आणि तिथून स्लॉटमधून आणावा लागतो. हे धावणं किती हळू असतं पाहा. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी माल पुरवू शकते. ते कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं, त्यातून मात्र एका दिशेने साधारण ३२ जीबीच येतात. म्हणजे अकरापट कमी! गेम मध्येच अडखळतो त्याचं एक मोठं कारण हेच.

आमच्या बनावट कार्डाचं काय होत असेल, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. जीटीएस ४५० कार्डांवर साधारणपणे १ जीबी मेमरी असे. गेमला सांगितलं होतं, "चार पातेल्यांची जागा आहे, आणा!" दुसरं पातेलं ठेवायला गेलं तर खाली जमीनच नाही. मग काय, सगळी खिचडी सांडली!

नाव एकच, माल वेगळा

म्हणजे जीबी जास्त तितकं कार्ड चांगलं, असंच ना? छे! इथेच खरी गंमत आहे.

जीटी १०३० नावाचं एक स्वस्त कार्ड २०१७ मध्ये आलं. मेमरी २ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाचं आणखी एक कार्ड आलं, त्यातही २ जीबीच. पण पहिल्यात जीडीडीआर५ जातीची मेमरी होती. ती सेकंदाला ४८ जीबी माल पुरवायची. दुसऱ्यात साधी डीडीआर४ होती. तिचा वेग अवघा १६.८ जीबी. व्हरांडा तेवढाच, पण वाढपी तिघांच्या जागी एकच! खोक्यावरचा मोठा आकडा वाचणाऱ्याला हा फरक कळणारच नाही.

दुसरं उदाहरण २०१६ च्या जीटीएक्स १०६० चं. ते ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत मिळायचं. पाहणाऱ्याला वाटे, फरक फक्त मेमरीचा आहे. पण ६ जीबीच्या कार्डात रंग भरणारी १२८० 'मुलं' होती आणि ३ जीबीच्या कार्डात ११५२ च. नाव मात्र दोघांचं एकच!

याच्या उलटही घडतं. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबीचं ३९९ डॉलरला आणि १६ जीबीचं ४९९ डॉलरला जाहीर झालं. दोन्हींत चिप तीच. ज्या गेमला ८ जीबी पुरतात, त्यात शंभर डॉलर जास्त मोजून वेग जवळपास तेवढाच मिळतो. ज्याला पुरत नाहीत, त्यात मात्र फरक चांगलाच जाणवतो. म्हणून आधी आपला गेम पाहायचा आणि मग कार्ड. गेमच्या माहितीत 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने असतात. ते वाचायची सवय लावा, बरं का!

दुभाषी निघून गेली की

आता ड्रायव्हर. हा काही गाडीचा ड्रायव्हर नव्हे! गेम आणि विंडोज एक भाषा बोलतात, कार्डाची चिप दुसरीच. दोघांच्या मध्ये बसून जो प्रोग्रॅम बोलणं समजावून देतो, तो ड्रायव्हर.

माझ्या शाळेत तांड्यावरून येणारा एक छोटा मुलगा पहिलीत आला, तेव्हा तो फक्त गोरमाटी बोलायचा. त्याची थोरली बहीण माझ्या चौथीच्या वर्गात होती. त्याच्या बाईंचं मराठी ती त्याला गोरमाटीत सांगायची आणि त्याचं गोरमाटी बाईंना मराठीत. जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. त्याला अजून मराठी पुरतं येत नव्हतं. मुलगा तोच, बाई त्याच, पण काही दिवस दोघंही एकमेकांकडे नुसते बघत बसायचे!

कार्डांचंही असंच होतं. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीच्या 'व्हूडू' चिपची कार्डं बाजारात आली आणि गेमचं रूपच पालटलं. मेमरी किती होती माहीत आहे? साधारण ४ एमबी! तेव्हाच्या खेळणाऱ्यांचा तो जीव की प्राण होता. पण पुढे कंपनी डबघाईला आली आणि डिसेंबर २००० मध्ये तिने आपली बहुतेक मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्ध्याला विकायचं जाहीर केलं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. त्याच्यासाठी व्हूडू कार्डांचा कंपनीचा पक्का ड्रायव्हर आलाच नाही. धडधाकट कार्डं मुकी झाली! शेवटी काही हौशी मंडळींनी स्वतः खपून ड्रायव्हर तयार केले, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलू लागली.

उलट गोष्टही ऐका. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलने आर्क ए७५० आणि ए७७० ही कार्डं आणली. सुरुवातीला जुने, डायरेक्टएक्स ९ वर चालणारे गेम त्यांवर रखडत चालायचे. लोक नावं ठेवू लागले. पण कंपनी ड्रायव्हर सुधारत राहिली आणि २०२३ मध्ये तेच कार्ड, तीच चिप, त्याच गेममध्ये कितीतरी वेगाने धावू लागली. कार्डाला कोणी हातही लावला नव्हता. फक्त दुभाष्याची भाषा सुधारली होती!

ड्रायव्हरला वयही असतं. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १० मालिकेसाठी गेमचे नवे ड्रायव्हर द्यायचं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं सांगितलं. नऊ वर्षं सांभाळलं म्हणजे चांगलंच सांभाळलं म्हणायचं. आमच्या बनावट कार्डातल्या चिपच्या पिढीला तर २०१८ मध्येच निरोप मिळाला होता. म्हणूनच नवा ड्रायव्हर म्हणत होता, "मी या गृहस्थांना ओळखत नाही!"

भाव का चढतो, का उतरतो?

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० कार्ड ६९९ डॉलरला जाहीर झालं. पण दुकानात ते मिळेचना. लोक ते दुप्पट किमतीला आपापसांत विकू लागले. का? एक तर करोनाच्या काळात घरी बसलेल्या जगाला कॉम्प्युटर हवे होते आणि चिपचा तुटवडा होता. दुसरं म्हणजे इथेरियम नावाचं आभासी चलन या कार्डांवर गणितं सोडवून मिळवता येत असे. शेकडो कार्डं एकाच जागी लावून काही लोक रात्रंदिवस तेच करत. खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याची कार्डं तिकडे गेली! १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि राबवलेली कार्डं जुन्या बाजारात येऊन पडली.

मग पुढचं गिऱ्हाईक आलं, कृत्रिम बुद्धिमत्ता. तिलाही अशाच चिप आणि भरपूर मेमरी लागते. ही मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजून तीन. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव इतके चढले, की घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करणार असल्याचं मायक्रॉनने त्या डिसेंबरात जाहीर केलं. कांद्याचा भाव लासलगावात ठरतो तसा आपल्या गेमच्या कार्डाचा भाव असा दूरदेशी ठरतो!

आणि हो, डॉलरच्या किमतीला नुसतं रुपयाने गुणून दुकानदाराशी भांडू नका. समजा, कार्ड ३०० डॉलरचं आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला. झाले २५,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५९० रुपये. बेरीज ३०,०९०. शिवाय आणण्याचा खर्च आणि विक्रेत्यांचा नफा वेगळाच.

पैसे मोजण्याआधी

ही पाच कलमं वहीत लिहून ठेवा :

१. माझ्या गेमला किती मेमरी लागते?

२. कार्डाचं पूर्ण नाव काय? मेमरी किती, कोणत्या जातीची आणि वेग किती? हे कंपनीच्या स्वतःच्या माहितीशी पडताळा.

३. या कार्डाला नवे ड्रायव्हर अजून मिळतात का?

४. माझ्या कॉम्प्युटरचा वीजपुरवठा त्याला पुरेल का? कार्ड पेटीत मावेल का?

५. वापरलेलं असेल, तर पैसे देण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर चालवून दाखवाल का? जीपीयू-झेड लावा आणि अर्धा तास गेम चालू ठेवा. बिल मागा.

एक खूणही सांगून ठेवते. जीटीएक्स १० मालिकेच्या चिपमधून जुन्या पद्धतीच्या व्हीजीए जोडणीचा सिग्नल निघतच नाही. म्हणून '१०५० टीआय'च्या मागे ते निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए तोंड दिसलं की सावध व्हा. आमच्या कार्डाला ते होतं. फोटोतही दिसत होतं! पण आम्ही पंखे बघत बसलो.

भाच्याला मी त्याचे पैसे परत देऊ केले. तो म्हणाला, "आत्या, निम्मेच दे. निम्मी चूक माझी." मागे एका सुट्टीत आम्ही दोघं मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. एका दुकानदाराने वापरलेलं जीटीएक्स १०६० पुढे ठेवलं. भाच्याने विचारलं, "काका, तीनचं की सहाचं?" काकांनी चष्मा वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मग हसत स्टूल पुढे सरकवलं. कार्ड सहाचं होतं, अगदी खरं होतं. त्यांनी ते चालवूनही दाखवलं. तरी ड्रायव्हरचा विचार करून भाच्याने ते घेतलं नाही. "अजून थोडे पैसे साठवतो," म्हणाला. तोवर प्रोसेसरमध्येच असलेल्या साध्या ग्राफिक्सवर तो जुने गेम खेळतो, आणि मजेत खेळतो.

ते खोटं कार्ड आता माझ्या वर्गात, विज्ञानाच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. मुलं त्याचे पंखे बोटाने फिरवतात आणि त्यावरचा '४' मोठ्याने वाचतात. मग मी विचारते, "हे खरं कशावरून?" पहिल्या दिवशी सगळे गप्प बसले होते. आता मात्र वर्गातून भराभर उत्तरं येतात.

जाता जाता तुम्हालाही एक गणित देते. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण ठिपके किती, आणि ते आपल्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्याच्या किती पट? उत्तर काढा, म्हणजे मोठ्या पडद्याला मोठं कार्ड का लागतं ते आपोआप कळेल. आणि तुमच्या मित्राने "घेऊ का?" असं विचारलं, तर माझ्यासारखं "घे की!" म्हणू नका. आधी पाचही प्रश्न विचारा!